निळ्या दिव्यासमोरून जाणारं पाणी



शोभेचे मासे पाळून चार पैसे मिळवणारे महिलांचे बचत गट आता काही गावांत उभे राहिले आहेत. कुणी परसात सिमेंटच्या टाक्या बांधून गप्पी आणि मॉली वाढवतं, तर कुणी तालुक्याच्या दुकानाला गोल्डफिश पुरवतं. या धंद्यातला मोठा धसका म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. काल चांगला पोहणारा मासा आज अंगावर मीठ भुरभुरल्यासारखा दिसतो. तो दगडाला अंग घासतो, खाणं सोडतो, आणि बघता बघता टाकीतले मासे एकामागून एक उलटे होतात. मग दुकानदार सांगतो, "ताई, यूव्ही लावा. निळा दिवा. सगळे जंतू खलास!" दिव्याची किंमत ऐकून गटाच्या बैठकीत कुजबुज सुरू होते. घ्यायचा की नाही?

हाच निळा दिवा गावातल्या शुद्ध पाण्याच्या केंद्रात असतो. शहरात राहणाऱ्या नणंदेच्या ओट्यावरच्या पाण्याच्या यंत्रातही तोच असतो. म्हणजे प्रश्न माशांपुरता राहत नाही. आपली लेकरं जे पाणी पितात, त्याच्याशीही या दिव्याचा संबंध आहे.

आज आम्ही तुम्हाला या दिव्याचा इतिहास सांगणार आहोत. तो कुठून आला, कुठे चालला, कुठे फसला, हे कळलं की घ्यायचा की नाही याचं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

सुरुवात उन्हापासून करू. गोधड्या उन्हात टाकायच्या, डाळीतांदळाला ऊन दाखवायचं, बाळाची लंगोटी सावलीत वाळवायची नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. उन्हात काहीतरी आहे, एवढं त्यांना माहीत होतं. ते काहीतरी म्हणजे काय, याचा पहिला धागा १८०१ साली जर्मनीतल्या येना या गावी सापडला. योहान विल्हेल्म रिटर नावाचा पंचविशीच्या आसपासचा एक तरुण तिथे प्रयोग करत होता. लोलकातून ऊन गेलं की भिंतीवर इंद्रधनुष्याचे रंग पडतात, हे तुम्ही शाळेत पाहिलं असेल. रिटरने त्या रंगांच्या जागी चांदीच्या क्षाराचा लेप दिलेला कागद धरला. उजेड लागला की हा कागद काळा पडतो. लाल रंगात तो सावकाश काळा पडला, जांभळ्यात लवकर पडला. पण सगळ्यांत लवकर कुठे काळा पडला, तर जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. न दिसणारा, पण काम करणारा हा उजेड. पुढे त्याला अतिनील किरण हे नाव पडलं. इंग्रजीतून आपण त्यालाच यूव्ही म्हणतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. दिव्यातून जो निळसर उजेड आपल्याला दिसतो, तो जंतू मारत नाही. मारणारा उजेड दिसतच नाही. ही बाब पुढे फार कामाला येणार आहे.

या न दिसणाऱ्या उजेडाने जंतू मरतात हे कळायला आणखी पाऊणशे वर्षं गेली. १८७७ साली इंग्लंडमध्ये आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या दोघांनी काचेच्या नळ्यांत साखरेचं पाणी भरलं. असं पाणी ठेवलं की दोन-चार दिवसांत त्यात जंतू वाढतात आणि ते गढुळतं. त्यांनी काही नळ्या उन्हात उघड्या ठेवल्या, तर काहींना शिशाचा पत्रा गुंडाळून तिथेच शेजारी ठेवल्या. पत्र्याआडच्या नळ्या गढूळ झाल्या. उन्हातल्या नळ्या नितळ राहिल्या. पुढे त्यांनी वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात हे करून पाहिलं, तेव्हा निळ्या-जांभळ्या बाजूचा उजेड जास्त प्रभावी निघाला. आज्यांचं म्हणणं नळीत उतरलं, असं म्हणा ना!

आता ऊन काही रात्री मिळत नाही, पावसाळ्यातही मिळत नाही. म्हणून ऊन दिव्यात भरायची धडपड सुरू झाली. डेन्मार्कमधल्या नील्स फिन्सेन या डॉक्टरांनी कातडीच्या क्षयावर दाट उजेडाचे झोत सोडून कित्येक रोगी बरे केले. त्यासाठी १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच काळात पाऱ्याच्या वाफेचा दिवा तयार झाला. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की तिच्यातून भरपूर अतिनील किरण निघतात. अडचण एवढीच होती की साधी काच हे किरण अडवते. बंद खिडकीच्या काचेतून ऊन घरात येतं, पण त्यातलं जंतू मारणारं बळ बरंचसं बाहेरच राहतं. मग जर्मनीतल्या हानाउ गावच्या कारखान्यात गारगोटीच्या जातीचा स्फटिक वितळवून त्याची नळी बनवली गेली. हीच क्वार्ट्झ काच. तिच्यातून हे किरण आरपार जातात. आजही पुष्कळ यूव्ही यंत्रांत दिव्याभोवती ही क्वार्ट्झची नळी असते आणि पाणी तिच्या बाहेरून वाहतं.

दिवा आला, काच आली. १९१० साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याचं पाणी या दिव्याने शुद्ध करायचा मोठा प्रयोग झाला. शहराचं पाणी उजेडाने निर्मळ करायचं, ही कल्पना किती सुंदर! पण ती टिकली नाही. दिवे महाग होते आणि पुन्हा पुन्हा बिघडत होते. तोवर क्लोरीन मैदानात उतरलं होतं. अमेरिकेतल्या जर्सी सिटीने १९०८ साली आपल्या पाण्यात कायमचं क्लोरीन घालायला सुरुवात केली होती. क्लोरीन स्वस्त होतं आणि त्याचा एक गुण दिव्यात नव्हता. ते पाण्यात थोडं शिल्लक राहतं. पाणी नळातून घरी येताना वाटेत घाण मिसळली, तरी हे शिल्लक क्लोरीन तिच्याशी दोन हात करतं. दिव्याचं तसं नाही. पाणी दिव्यासमोरून पुढे सरकलं की दिव्याचं काम संपलं. पुढे कुणी त्यात हात बुडवला, तर दिवा काही करू शकत नाही.

त्यामुळे दिवा मागे पडला. पुढे ट्यूबलाइटच्या जातीचे दिवे निघाले, ते जास्त टिकायला लागले. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्रेडरिक गेट्स यांनी कुठला किरण किती जंतू मारतो याचं मोजमाप केलं. १९५५ च्या आसपास स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात पाण्यासाठी हे दिवे भरवशाने वापरले जाऊ लागले. आणि १९६० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की हे किरण जंतूच्या आत नेमकं काय करतात. प्रत्येक जिवाच्या पेशीत वाढीची आणि पिलावळीची कृती एका लांब धाग्यासारखी लिहिलेली असते. अतिनील किरण त्या धाग्यातले शेजारचे दोन टाके एकमेकांत अडकवून टाकतात. धाग्यात अशा गाठी पडल्या की जंतूला स्वतःसारखा दुसरा जंतू तयार करता येत नाही. पिलावळ थांबली की रोगही थांबला.

आता दिवा क्षणभर बाजूला ठेवू आणि काचेच्या टाकीकडे वळू. तिचा इतिहास एका शिंपणीपासून सुरू होतो, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. झान विल्प्रो-पॉवर ही फ्रान्समधल्या एका चांभाराची मुलगी. तिचा जन्म १७९४ चा. पॅरिसला जाऊन ती कपडे शिवायला शिकली. तिने एका राजकन्येचा लग्नाचा पोशाख शिवला आणि तिचं नाव झालं. लग्नानंतर ती इटलीतल्या सिसिली बेटावर मेसिना गावी राहायला गेली. तिथे तिला समुद्रातल्या जिवांचा नाद लागला. ऑक्टोपसच्या जातीचा एक प्राणी सुंदर पांढऱ्या शिंपल्यात राहतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा की दुसऱ्याकडून बळकावलेला, यावर मोठमोठे विद्वान भांडत होते. झानने १८३२ साली काचेची टाकी करून घेतली, तिच्यात समुद्राचं पाणी भरलं आणि प्राणी जिवंत ठेवून रोज निरखला. शिंपला तो स्वतःच बनवतो, हे तिने सिद्ध केलं. मेलेल्या प्राण्याची चिरफाड करून जे कळलं नाही, ते जिवंत प्राण्याकडे धीराने बघून कळलं. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी काचेची टाकी ठेवायची हौस पसरली. आपल्या मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं.

मासे बंद टाकीत आले, तसा त्यांचा रोगही टाकीत आला. नदीत, तळ्यात हा रोग असतोच, पण तिथे पाणी अफाट आणि मासे विरळ. टाकीत पाणी कमी, मासे दाटीवाटीने. परजीवीला दारात पंगत! १८७६ साली फुके नावाच्या फ्रेंच संशोधकाने पांढऱ्या ठिपक्याच्या या परजीवीचं वर्णन केलं आणि त्याला एक लांबलचक नाव दिलं. त्या नावाचा अर्थ काय, तर 'पुष्कळ लेकरांची माशावरची ऊ'. माशांचे शौकीन त्याला थोडक्यात 'इच' म्हणतात. तारखा बघा हं. रोगाचं वर्णन १८७६ चं आणि जंतूंवर उजेड चालतो हा शोध १८७७ चा. रोग आणि उपाय वर्षभराच्या अंतराने जगापुढे आले, पण दोघांची गाठ पडायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

नावातली 'पुष्कळ लेकरं' फार महत्त्वाची आहेत. या परजीवीच्या आयुष्याचे तीन मुक्काम असतात.

पहिला मुक्काम माशाच्या अंगावर. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या वरच्या कातडीखाली शिरून बसलेला एक जीव. तो तिथेच खातो आणि वाढतो. वर माशाच्या कातडीचं पांघरूण असल्यामुळे बाहेरून काही केलं तरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा मुक्काम टाकीच्या तळाशी. पोट भरलं की तो मासा सोडतो, खाली उतरून वाळूला, दगडाला, पानाला चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट वेष्टन करून घेतो. आत त्याचे दोनाचे चार, चाराचे आठ असे तुकडे होत जातात. एका जिवातून शेकडो पिल्लं होतात, कधी हजारापर्यंतसुद्धा.

तिसरा मुक्काम उघड्या पाण्यात. वेष्टन फुटतं आणि ती पिल्लं मासा शोधत पोहू लागतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात.

आपल्याकडच्या उबदार पाण्यात हा सगळा फेरा आठवडाभरात पूर्ण होतो. थंड प्रदेशात त्याला महिनाही लागतो. म्हणून आपल्याकडे 'परवा दोन ठिपके होते आणि आज सगळी टाकी गेली' असं होतं.

आता दिवा परत आणू. टाकीतलं पाणी पंपाने ओढून दिव्याच्या नळीभोवतून फिरवतात आणि परत टाकीत सोडतात. या फेऱ्यात दिव्यासमोर कोण येणार? माशाच्या कातडीखाली बसलेला येणार नाही. तळाच्या वाळूला चिकटलेलाही येणार नाही. येणार ते फक्त तिसऱ्या मुक्कामावरचं पोहणारं पिल्लू, आणि तेही पाण्याबरोबर पंपात ओढलं गेलं तरच.

१९७४ साली अमेरिकेतल्या ग्लेन हॉफमन यांनी ट्राउट माशांच्या एका वेगळ्या परजीवीवर हा दिवा वापरून पाहिला. त्या रोगात माशांची पिल्लं भोवऱ्यासारखी गरगर फिरतात. टाकीत येणारं पाणी आधी दिव्यासमोरून नेलं, तर पिल्लं रोगापासून वाचतात असं त्यांना दिसलं. १९८३ साली अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या ग्रात्झेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट इचवर प्रयोग केला. अनेक टाक्यांचं पाणी एकाच नळाने फिरत होतं. त्या फिरत्या पाण्यावर पुरेसा दिवा लावला, तेव्हा एका टाकीतला रोग दुसऱ्या टाकीत जायचा थांबला.

या दोन्ही प्रयोगांत साम्य काय आहे? परजीवीला नव्या माशापर्यंत जायला दिव्यासमोरूनच जावं लागत होतं. दुसरी वाट नव्हती. एका टाकीत मात्र तसं नसतं. पिल्लू तळाशी जन्मतं आणि मासा वितभर वर पोहत असतो. पंपापर्यंत जायच्या आधीच त्याला मासा सापडतो. गावाच्या वेशीवर पहारेकरी बसवला, पण चोर गावातच जन्मला, तर पहारेकरी काय करणार? काही पिल्लं दिव्यासमोर येऊन मरतील, रोगाचा जोर थोडा कमीही होईल. पण नुसत्या दिव्याने भरलेल्या टाकीतला रोग जाईल, असं मानून पैसे घालू नका.

आणखी एक गोष्ट. दिव्यासमोर आलं म्हणजे मेलंच, असंही नाही. किरणांचा जोर आणि किरणांत घालवलेला वेळ, या दोहोंचा गुणाकार पुरेसा व्हावा लागतो. साध्या जंतूला थोडा पुरतो. इचच्या पिल्लाला त्याच्या कितीतरी पट लागतो. पंप जोरात चालवून पाणी भरकन काढलं, तर पिल्लू दिव्याला रामराम करून पुढे निघून जातं. पाणी गढूळ असेल तर किरण आत शिरत नाहीत. क्वार्ट्झच्या नळीवर क्षाराचा किंवा शेवाळाचा थर बसला, की तो पडद्यासारखं काम करतो. आणि सुरुवातीला सांगितलेली गोष्ट आठवा. मारणारा उजेड दिसत नाही. वर्षभर अखंड चालला की पुष्कळ दिव्यांचं मारणारं बळ घटतं, पण निळसर उजेड तसाच दिसत राहतो. यालाच म्हणायचं दिव्याखाली अंधार.

मग गटाने काय करावं? ज्यांच्या चार-सहा टाक्या एकाच फिरत्या पाण्यावर आहेत, त्यांना दिवा उपयोगी पडेल. तो टाक्यांच्या क्षमतेला पुरेसा हवा, त्याच्या आधी गाळणी हवी, पाण्याचा वेग बेताचा हवा. ज्यांच्या टाक्या सुट्या आहेत, त्यांनी तो पैसा आधी एका वेगळ्या टाकीत घालावा. नवे मासे आणले की थेट जुन्यांत सोडायचे नाहीत. दोन-तीन आठवडे त्यांना त्या वेगळ्या टाकीत ठेवायचं. त्यांची जाळी, बादली, नळी वेगळी. तळाची घाण नळीने ओढून काढली की दुसऱ्या मुक्कामावरचे निम्मेशिम्मे त्यातच जातात. मीठ किंवा औषध द्यायचं तर प्रमाण मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारून, आणि फेरे पूर्ण होईपर्यंत द्यायचं, कारण त्याचाही मारा पोहणाऱ्या पिल्लांवरच चालतो. ठिपके दिसेनासे झाले म्हणून दुसऱ्या दिवशी उपाय बंद केला, की तळाचे सगळे वर येतात. आणि टाकी रिकामी झालीच, तर ती घासून कडक उन्हात ठणठणीत वाळवा. इथे आजीचं ऊन दिव्याला भारी पडतं, आणि ते फुकट आहे.

दिवा लावलात तर एक सावधगिरी पाळा. उघड्या दिव्याकडे कधी बघू नका आणि त्याखाली हात धरू नका. वेल्डिंगच्या ठिणगीकडे बघितल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, तसंच इथे होतं. कातडीही भाजते. झाकण काढायच्या आधी वायर काढा, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

माशांचं झालं. आता माणसांकडे येऊ, कारण परजीवी आपल्याही पाण्यात असतात. आपल्यातल्या म्हाताऱ्या बायकांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर यायचा, माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळायचा. नारूवर ना लस होती ना गोळी. पण त्याच्या आयुष्यातला एक मुक्काम पाण्यातल्या बारीकशा किड्याच्या पोटात असतो, आणि तो किडा फडक्यातून गाळला जातो, हे कळलं होतं. पाणी गाळणाऱ्या बायकांनी, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणाऱ्या गावांनी आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेवकांनी मिळून त्याला हटवलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. साधनं साधी होती. पण परजीवी कुठल्या मुक्कामावर हाती लागतो, हे ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १९९३ साली मिलवॉकी नावाच्या मोठ्या शहरात सुमारे चार लाख लोकांना एकदम जुलाब सुरू झाले. शहराचं पाणी गाळलेलं होतं, क्लोरीन घातलेलं होतं. पण गाळण्यात ढिलाई झाली आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नळातून घरोघर पोहोचला. वासरांना जुलाब करणारा परजीवी याच घराण्यातला. त्याच्या अंगावर टणक कवच असतं, त्यावर क्लोरीनची मात्रा चालत नाही. अतिनील दिवाही त्याच्यावर चालत नाही, असंच तोवर सगळे धरून चालले होते, कारण किरण सोसूनही तो जिवंत दिसायचा. १९९८ च्या सुमारास जेनिफर क्लॅन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न बदलला. तो जिवंत दिसतो का, हे सोडून तो आजार देऊ शकतो का, हे तपासलं. उत्तर निघालं, नाही. कवच शाबूत, पण आतल्या धाग्याला गाठी पडलेल्या. थोड्याशा किरणांनीसुद्धा त्याची पिलावळ बंद होत होती. क्लोरीन जिथे हरलं, तिथे एकेकाळी मागे पडलेला दिवा जिंकला. त्यानंतर न्यूयॉर्कसारख्या शहरांनीही आपल्या पाण्यावर हे दिवे बसवले.

त्याच १९९३ साली आपल्याकडे काय चाललं होतं? १९९२ च्या अखेरीस दक्षिण भारतात कॉलऱ्याची एक नवी जात दिसली. ती बंगालात आणि बांगलादेशात झपाट्याने पसरली. मुंबईत जन्मलेले अशोक गाडगीळ तेव्हा अमेरिकेत बर्कली इथल्या प्रयोगशाळेत संशोधक होते. या साथीच्या बातम्यांनी त्यांना अस्वस्थ केलं. उकळून पाणी प्या, असं सांगणं सोपं असतं. पण त्यासाठीचं सरपण कोण आणणार? डोक्यावर मोळी घेऊन बाईच चालणार. मग कमी विजेत, कमी पैशांत काय करता येईल, याचा त्यांनी शोध घेतला आणि अतिनील दिव्याकडे वळले.

त्यांनी एक साधा बदल केला. दिवा पाण्यात बुडवायचाच नाही. उथळ तबकातून पाणी वाहू द्यायचं आणि दिवा वर टांगायचा. दिव्याला पाणी लागत नाही, म्हणून त्यावर थर बसत नाही, आणि रोज पुसणाऱ्या कुशल माणसाची गरज उरत नाही. जुन्या साठ वॅटच्या बल्बाएवढ्या विजेत मिनिटाला सुमारे पंधरा लिटर पाणी निघतं. सौर तावदानावरही हे चालतं. पाणी उकळण्यापेक्षा हजारो पट कमी ऊर्जा. या दिव्यावर चालणारी पाणीकेंद्रं पुढे आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत आणि इतर देशांतही उभी राहिली. सरपण आणणाऱ्या बाईचे कष्ट डोळ्यांपुढे ठेवून दिवा टांगायची जागा बदलली, एवढीच ती युक्ती.

पण इथेही दिव्याचा स्वभाव तोच आहे. समोरून जाणाऱ्या जिवंत जंतूवर तो चालतो. पाण्यातलं फ्लोराइड, खारेपणा, फवारणीचं औषध तो काढत नाही. गढूळ पाण्यात तो आंधळा होतो. आणि पाणी पुढे गेल्यावर त्याची जबाबदारी संपते. केंद्रातून भरलेलं स्वच्छ पाणी घरी येऊन बिनझाकणाच्या हंड्यात ओतलं आणि त्यात लेकराने हात घालून पेला बुडवला, तर दिव्यावरचा सगळा खर्च पाण्यात गेला. झाकण, ओगराळं किंवा तोटीचा माठ, आणि धुतलेले हात, हा पुढचा मुक्काम आपल्याकडे आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावात पाण्याचं केंद्र असेल, तर पुढच्या बैठकीत एक ठराव करा आणि दोघी-तिघी मिळून तिथे जा. दिवा शेवटचा कधी बदलला? त्याची नोंद कुठे आहे? नळी कोण पुसतं, किती दिवसांनी? पाणी आधी गाळलं जातं का? वीज गेली आणि दिवा विझला, तर पाणी आपोआप थांबतं का, की तसंच जारमध्ये भरलं जातं? हे पाच प्रश्न विचारायला शिक्षणाची पदवी लागत नाही. पाणी आपण विकत घेतो, म्हणून ते विचारायचा आपला हक्क आहे. माशांच्या टाकीसाठी दिवा विकायला कुणी आलं, तर त्यालाही विचारा की माझ्या टाकीतला रोग या दिव्यासमोरून जाणार आहे का. उत्तर समाधानाचं वाटलं तरच पिशवीत हात घाला.

पुढच्या भागात विहिरीच्या पाण्याची तपासणी तालुक्याला कुठे आणि कशी करून घ्यायची, ते सांगू. तोवर नमस्कार.